रमझीसाहेबांच्या गाडीपाशी डावीकडे

१

आमच्या वसाहतीत आजवर एकही पाहुणा पहिल्या फटक्यात घरी पोचलेला नाही. सगळ्या इमारती वाळूच्या रंगाच्या, सज्जे एकसारखे, आणि भिंतींवर कधीकाळी रंगवलेले आकडे उन्हाने खाऊन टाकलेले. म्हणून आमच्याकडे रस्ता खुणांवर सांगतात. शर्बिनीच्या टपरीपासून सरळ, भट्टीपाशी उजवीकडे, निलगिरीच्या झाडाखालून पुढे, रमझीसाहेबांच्या गाडीपाशी डावीकडे.

यातली टपरी तेवढी जागेवर आहे. रोट्यांची भट्टी कधीच बंद झाली, तिथे मोबाइलचं दुकान आलं. झाड गॅसची लाइन टाकताना कापलं. आणि रमझीसाहेब म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, त्यांची पांढरी गाडी मामांनी तेव्हाच विकली. तरी रस्ता तोच. ज्यांनी ना भट्टी पाहिली ना बाबा, ते परवा राहायला आलेले लोकसुद्धा तोच सांगतात. गाडीच्या जागेवर आजही कुणी दुसरी गाडी लावत नाही. का, ते विचारलं तर म्हणतात, "छे, ती रमझीसाहेबांची जागा."

मी शाळेत भूगोल शिकवते. "पोरांना नाईलचा उगम दाखवते, पण हिचं स्वतःचं घर कुणाच्या बापाला सापडत नाही," असं फर्घलीमामा चारचौघांत सांगतात. हसण्यावारी नेलं असतं, पण दोन वर्षांपूर्वी मन्सूराहून एक इंजिनीअर मला बघायला निघाला आणि भलत्याच इमारतीत शिरला. तिथेही लग्नाची मुलगी होती. तिथेही शरबत चांगलं होतं. आज त्याला जुळी मुलं आहेत. बारशाला आम्हाला आमंत्रण होतं. आई निर्लज्जासारखी गेली आणि खारे दाणे, लिमलेटच्या गोळ्या घेऊन आली. मीही त्या खाल्ल्या.

त्यामुळे तान्ताच्या वगदीचं स्थळ आलं तेव्हा मी ठरवलं, की या माणसाला मी हरवू देणार नाही. एका लग्नात आमची ओळख झाली होती. हलव्याचं दुकान, गालाला खळी, आणि स्वभावाने इतका सरळ की मी म्हटलं, "माझ्या आईला मी एकटी सोडणार नाही," तर म्हणाला, "मग खोली मोठी बघायला हवी." मी तेहेतीस वर्षांची. असं बोलणारा माणूस मला पुन्हा भेटणार नव्हता.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर ते येणार होते. दोन्ही घरांनी मिळून फातिहा वाचायची, म्हणजे शब्द पक्का. बाबांच्या जागी मामा बसणार होते.

२

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी मोबाइल घेऊन खुणांचे फोटो काढत निघाले. शर्बिनीकाका लगेच केस विंचरून टपरीपुढे उभे राहिले.

"काका, मला टपरी हवीय, तुम्ही नको."

"माझ्याशिवाय टपरीला कोण ओळखणार गं? काढ. अन् नवरदेवाला सांग, सिगारेट इथूनच घ्यायची."

पुढे मोबाइलच्या दुकानाचा फोटो काढला. मग झाडाचा बुंधा, त्यावर एक मांजर ऐसपैस पसरलेलं. मग गाडीची रिकामी जागा, नुसती धूळ आणि तेलाचा जुना डाग. शेवटी आमचं दार. रस्त्यावरच्या बायकांनी खिडक्यांतून सल्ले दिले, एकीने तर कपडेबिपडे वाळत घातलेली दोरी फोटोत येऊ नये म्हणून भराभर आवरली. मी एकटीच हसत होते.

घरी येऊन फोटोंखाली मी लिहायला लागले, 'मोबाइलच्या दुकानापाशी उजवीकडे'. आई खांद्यावरून वाचत होती.

"असं लिहू नकोस. रस्त्यात कुणाला विचारलं तर त्यांना मोबाइलचं दुकान कोण सांगणार आहे? भट्टी लिही."

"आई, भट्टी नाहीये."

"नसू दे. लोक म्हणतात ते लिही. तुझ्या खरेपणापायी हाही जायचा कुणाच्या तरी जुळ्यांचा बाप व्हायला."

ते मात्र वर्मी लागलं. मी फोटोंखाली लिहिलं, 'भट्टी, उजवीकडे'. 'निलगिरीचं झाड, सरळ'. रिकाम्या जागेच्या फोटोखाली 'रमझीसाहेबांची गाडी, डावीकडे'. आणि वगदीला पाठवून दिलं. त्याचं उत्तर आलं, 'आता डोळे मिटूनही येईन.'

३

शुक्रवारी सकाळी आईशी कपड्यांवरून वाद झाला. तिने मोरपंखी झगा काढून ठेवला होता, मी हट्टाने डाळिंबी घातला. मामा बाबांचा कोट घालून आले. तो त्यांना पोटावर बसत नव्हता, म्हणून बटण न लावता ऐटीत बसले आणि पाहुण्यांसाठी केलेल्या बसबूशावर, पाकातल्या रव्याच्या वड्यांवर, नजर ठेवून राहिले.

वगदीची आई, तफीदाकाकू, फोनवर निरोप पाठवत होत्या. 'टपरी सापडली. माणूस फार बोलतो.'

आम्ही हसलो.

थोड्या वेळाने दुसरा निरोप आला. 'भट्टी सापडली! काय वास सुटलाय! गरम रोट्या घेतल्याच.'

"कुणी हातगाडीवाला आला असेल," मामा म्हणाले.

मग आला, 'झाडाखाली जरा टेकलोय. वगदीच्या काकांना ऊन सोसत नाही. काय गार सावली!'

मामांनी बसबूशाकडे नेलेला हात मागे घेतला. आईने माझ्याकडे पाहिलं. मी स्वतःला सांगितलं, की भूगोलाच्या बाईने असं दचकू नये. झाडं काय एकच असतात? समोरच्या मशिदीबाहेर दुसरं आहे, तिथे बसले असतील.

पुढचा निरोप मी मोठ्याने वाचायला घेतला आणि मध्येच थांबले. 'गाडी दिसली. माशाल्ला! तुमच्या घरात वस्तू किती जपतात. आरशासारखी लख्ख ठेवलीय.'

मी सज्ज्यात धावले. खाली रस्ता पांढराधोप पडला होता. गाडीच्या जागेवर ऊन होतं आणि तेलाचा डाग. रस्त्यात एक माणूस नव्हता.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. बरीच पावलं. कुणाच्या तरी टाचांचा टकटक आवाज, कुणाला तरी धाप लागलेली, आणि वगदीचं ते मोकळं हसणं. आईने पटकन डोक्यावरचा रुमाल सारखा केला, मामांनी पोट आत घेतलं, मी दार सताड उघडलं.

जिना रिकामा होता. कठड्याजवळ गरम रोट्यांचा वास होता. पावलं माझ्या अगदी समोर येऊन थांबली. मग एक दार उघडल्याचा आवाज झाला. आमच्या मजल्यावर आमच्याशिवाय दार नाही. कुणीतरी भारदस्त आवाजात म्हणालं, "या, या! घर तुमचंच आहे!" आणि दार लागलं.

"वरच्या मजल्यावर गेले वाटतं," मामा म्हणाले.

"मामा, आपणच शेवटच्या मजल्यावर आहोत."

मामांनी बसबूसा खायला सुरुवात केली. भीती वाटली की ते खातात, हे मला माहीत आहे.

आई उघड्या दारात तशीच उभी होती.

४

फोन कुणी उचलेना. दिवेलागणीच्या आधी तफीदाकाकूंचाच फोन आला आणि त्यांनी लग्नघरातल्या बायकांसारखी कानाशी अशी काही किलकारी घातली की मी फोन लांब धरला.

"मबरूक, पोरी, अभिनंदन! आता काकू नको, आई म्हणायचं! फातिहा झाली. तुझे बाबा म्हणजे हिरा आहे गं हिरा. हसून हसून पोट दुखलं. पुढच्याच शुक्रवारी निकाह, त्यांनीच ठरवलं."

मामांनी तर्क लढवला. दुसऱ्या कुठल्या तरी घरात शिरले, त्यांच्याकडेही आजच कुणी बघायला येणार होतं, झाला घोटाळा. "त्या इंजिनीअरचं विसरलीस?" म्हणाले. मला तो तर्क इतका आवडला की मी तो रात्रभर उशाशी घेऊन झोपले. आपलं नशीबच तसं, असं म्हणून रडलेसुद्धा. रडताना निदान भीती वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी वगदी शाळेच्या फाटकापाशी उभा होता. हातात हलव्याची पेटी, चेहरा उजळलेला.

"दौलत, चल ना, चहा घेऊ."

"तुम्ही मला अरे-तुरे कधीपासून करायला लागलात?"

"कालपासून! तूच म्हणालीस ना, अहो-जाहो नको." मग गालाची खळी पाडत म्हणाला, "अर्थात एवढं एकच वाक्य बोललीस. आई जाम खूश आहे. म्हणते, मुलगी किती शांत."

आम्ही चहाला बसलो. मी शांतपणे विचारलं, की आमच्या घरात त्याने काय काय पाहिलं. त्याला वाटलं मी गंमत करतेय. म्हणाला, "खरं सांगू? आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं की तुझे वडील हयात नाहीत. आई जिन्यात दोन सांत्वनाचे शब्द घोकत चढत होती, आणि दार उघडलं तर समोर तेच! इतके ओशाळलो आम्ही."

"वगदी, ते खरंच हयात नाहीत."

तो हसला. अगदी प्रेमाने हसला. "ते म्हणालेच होते. म्हणाले, ती तुम्हाला सांगेल की मी नाहीच. रुसलीय माझ्यावर. सहा वर्षं रुसलीय."

माझा चहा निवून गेला. मग त्याने त्याच्या चुलतभावाने काढलेला एक फोटो दाखवला. आमची बैठकीची खोली होती. सोफ्यावर ते जुनं सोनेरी कापड, ज्याची मी फाडून फडकी केली. एका बाजूला पट्ट्यापट्ट्यांच्या झग्यातला एक गुडघा दिसत होता, त्याच्यापुढच्या बशीत सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा नीट रचलेला ढीग. बाबा तसाच रचायचे, नंतर आईला म्हणायचे, "पिरॅमिड बांधलाय, मोडू नकोस." आणि दारातून ट्रे घेऊन एक मुलगी येत होती. हललेली, चेहरा पुसट. मोरपंखी झगा. म्हणजे तिने आईचं ऐकलं होतं.

खरं सांगते, त्या क्षणी मला भीतीपेक्षा राग जास्त आला. बावळट, गुळमुळीत, ट्रे धरून खाली बघणारी! एक वाक्य बोलली आणि माझा माणूस तिने एका दुपारीत खिशात घातला.

"तुला कोण जास्त आवडलं," मी विचारलं, "कालची मी, की आजची?"

तो गोंधळला. "आज तू जरा चिडलेली आहेस," म्हणाला.

५

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती किंचाळेल, कुराण काढेल, मामांना बोलावील. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले नाहीत.

"बरे दिसत होते का?"

"आई, नुसता गुडघा दिसत होता."

"खोकल्याचं काही म्हणाला का तो? त्यांना शेवटी शेवटी फार होता."

"हसत होते म्हणे सारखे."

"मग बरं आहे," आई म्हणाली आणि भाजीची टोपली घेऊन आत गेली. आत तिने नळ सोडला. बराच वेळ नुसतं पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, ते खुणांचे फोटो माझ्या फोनवर पाठव. मी नाही म्हटलं, तर माझ्यादेखत माझा फोन उचलून चालायला लागली. मला मागे जावं लागलं. भर दुपारी आम्ही दोघींनी टपरीपासून सुरुवात केली. प्रत्येक फोटोपाशी आई थांबायची, खालचं वाक्य वाचायची, मग मान वर करून बघायची. मोबाइलच्या दुकानात गाणी लागली होती. बुंध्यावर मांजर होतं. गाडीच्या जागेपाशी आई बराच वेळ उभी राहिली. एकदा हातही पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही, तेव्हा तिने तो रुमालाला पुसला.

"आपल्याला नाही सापडायचं," ती म्हणाली. "मीच तर त्यांना शेवटचा निरोप दिलाय. मला माहीत आहे ना, इथे काही नाही." मग माझ्याकडे बघून हसली. "परक्या माणसांना कसं लगेच सापडलं!"

मी तिचा हात धरून तिला घरी आणलं. तिचा हात थंड नव्हता, थरथरत नव्हता. तेच मला आवडलं नाही.

६

निकाहाच्या शुक्रवारी मी सरळ उपाय काढला. फोटो नाहीत, खुणा नाहीत. मी स्वतः मोठ्या रस्त्यावर उभी राहणार आणि वऱ्हाडाला हाताला धरून घरी आणणार. नवरी रस्त्यावर उभी राहते हे कुणाला शोभतं का, म्हणून मामांनी कपाळावर हात मारला. मी म्हटलं, शोभण्यापेक्षा लग्न होणं महत्त्वाचं. मामा काझींना आणायला गेले. आईला घरी बसवलं, ती मुकाट्याने बसली. पांढरा पोशाख दोन्ही हातांनी वर धरून मी मायक्रोबसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. मायक्रोबसवाले भोंगे वाजवून आशीर्वाद देत होते. शर्बिनीकाकांनी उभ्या उभ्या फुकट लिंबू सरबत पाजलं. इतकी खुशीत मी आयुष्यात कधी नव्हते.

ढोल आधी ऐकू आले. मग फुलं लावलेल्या गाड्या आल्या, पहिल्या गाडीत वगदी, टाय जरा वाकडा. मी रस्त्यात येऊन दोन्ही हात हलवले. त्याने मला पाहिलं. हसून हातसुद्धा हलवला, रस्त्यावरच्या कुठल्याही नवरीकडे बघून हलवावा तसा. गाडी थांबली नाही.

दुसऱ्या गाडीच्या काचेतून तफीदाकाकू ओरडल्या, "रस्ता ठाऊक आहे आम्हाला, बाई! देव तुझंही भलं करो!"

आणि त्यांच्या पलीकडे, मागच्या सीटवर, माझी आई बसली होती. कुठे चढली, कशी चढली, देव जाणे. डोक्याला नवा रुमाल, डोळ्यांत काजळ. सहा वर्षांत तिने काजळ घातलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती पुढे, वळणाकडे बघत होती, आणि इतकी आनंदात होती की मला तिला हाक मारवेना.

मग मारली. "आई!" म्हणून किंचाळले आणि धावत सुटले.

मी काही बघितलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पायात पोशाख अडकत होता. ढोल पुढे वाजत होते, मी त्यांच्या मागे. रोट्यांचा वास आला तिथे उजवीकडे वळले. मग ऊन गेलं, अंगावर गार सावली आली, पुन्हा ऊन. वळणावर तोल गेला तेव्हा हाताला गाडीचा तापलेला पत्रा लागला, त्याला टेकून मी डावीकडे वळले आणि जिना चढले.

दार बंद होतं. आत ढोल, टाळ्या, आणि सगळ्यांवर आईची किलकारी, तीच बेसूर, मी हजारांत ओळखीन अशी. मी किल्ली घातली. ती फिरेना. बाबा गेल्यावर आम्ही कुलूप बदललं होतं आणि या दाराला अजून जुनंच होतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही. मी दोन्ही मुठींनी दार बडवलं.

आत हळूहळू शांत झालं. सपाता ओढत कुणीतरी दाराशी आलं.

"कोण आहे?" तो भारदस्त आवाज. खोकला अजिबात नव्हता.

सहा वर्षं मी त्यांना काय काय सांगायचं ठरवलं होतं. शेवटी एवढंच म्हणाले, "बाबा, मी. दौलत."

आत कुणीतरी खुदकन हसलं. ते हसणं माझं होतं.

"दौलत?" बाबाही हसत म्हणाले. "अहो, दौलत तर इथे नवऱ्याशेजारी बसलीय. तुम्ही चुकून आलात, ताई. हरकत नाही, आमच्याकडे सगळेच चुकतात. या, आत या. जेवून जा."